व्रजलालभाईंच्या नावची नोटीस

"भाभी, चांदलो लावा. निदान आजचा दिवस."

नटुभाईंनी कुंकवाची डबी पुढे केली तेव्हा ती दिराच्या तोंडावर फेकून मारावी असं मुक्ताबेनना वाटलं.

"पौषात गेले तुमचे भाऊ. आणि आज मी कुंकू लावू?"

"अहो, इन्स्पेक्टर गल्लीत शिरलाय! मोकळं कपाळ बघितलं की आटोपलंच सगळं."

जामनगरात पितळेचे सुटे भाग घडवून व्रजलालभाईंनी हे घर आणि खालचा कारखाना उभा केला होता. सहा वर्षांपूर्वीच्या त्यांच्या हिशेबाची प्राप्तिकरवाल्यांनी तेव्हाच चिरफाड केली होती. खेटे घालून, एकेका प्रश्नाला उत्तर देऊन त्यांनी तो विषय मिटवला होता. आता नवा साहेब आला आणि त्याला तेच मढं उकरून काढायची हुक्की आली. उकरायची मुदत आज, एकतीस मार्चला संपत होती.

वकील दोशीभाईंनी बजावलं होतं, "नोटीस वारलेल्या माणसाच्या नावे निघालीय, ती टिकायची नाही. पण व्रजलालभाई गेल्याचं आज त्यांना कळलं, तर संध्याकाळच्या आत तुमच्या नावे दुसरी काढतील. मग घर आणि कारखाना विकूनच भरावं लागेल. आपणहून काही सांगू नका. पण खोटंही बोलू नका, कोर्टात अंगाशी येईल."

"कुंकू लावणं म्हणजे खोटंच बोलणं," मुक्ताबेन म्हणाल्या. तेवढ्यात बेल वाजली. पांढऱ्या साडीचा पदर सावरून, तसंच मोकळं कपाळ घेऊन त्यांनी दार उघडलं.

इन्स्पेक्टर पोरसवदा होता. त्याने हातातल्या कागदावरून नजर काढली नाही.

"व्रजलाल मोहनलाल?"

"ते नाहीत."

खरं तेच सांगितलं होतं.

"केव्हा येतील?"

याचं उत्तर दोशीभाईंनी शिकवलं नव्हतं. तो पोरगा मान वर करून मुक्ताबेनकडे बघत होता, अगदी सरळ. आता कळणार. आता विचारणार.

"मासी, ऐकू येतंय ना? केव्हा येतील?"

"कसं सांगू, भाई?"

त्याने घड्याळ बघितलं, डिंकाची बाटली काढली आणि नोटीस दाराला चिकटवली.

"आले की सांगा, साहेब येऊन गेले म्हणून."

"सांगते."

तो जिना उतरला. सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी मुक्ताबेनचं डोकंच भडकलं. मेला आंधळा! समोर विधवा उभी आहे, तोंडाने सांगतेय, आणि याला नोटिशीवरच्या नावाखेरीज काही दिसू नये?

"वाचलो, भाभी! घर वाचलं!" नटुभाई दोशीभाईंना फोन लावायला धावले. त्यांना पेढे आणावेत की नाहीत तेही सुचेना.

मुक्ताबेन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटलं. सांगते म्हणून शब्द दिला होता. लग्नापासून नवऱ्याला त्या ज्या दोन शब्दांनी हाक मारत आल्या, त्याच दोन शब्दांनी त्यांनी पलंगाच्या रिकाम्या बाजूला हाक मारली.

"ऐकलंत का? साहेब येऊन गेले. केव्हा येताय, विचारत होते."