घरी बोलली जाणारी भाषा

मी शाळा तपासते. कुणी विचारलं तर एवढंच सांगते, कारण पुढचं सांगितलं की माणसं जरा सरकून बसतात. ज्या शाळेत जाईन तिथे आदल्या दिवशी फरशा घासलेल्या असतात, फळ्यावर ताजा सुविचार असतो आणि शिक्षकांच्या चेहऱ्यावर ‘ही ब्याद कधी टळते’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. मला राग येत नाही. म्हणजे येतो, पण तो पगारात धरलेला आहे.

आमचा एक नियम आहे. तपासायला गेलेल्या शाळेचा चहासुद्धा घ्यायचा नाही. उद्या कुणी म्हणेल, बाईंनी बिस्किटं खाऊन गुण वाढवले! म्हणून मधल्या सुट्टीत मी माझा डबा घेऊन माझ्या गाडीत बसते आणि काचा वर करून जेवते. पूर्वी सोबत एक सहकारी असायचे. आम्ही त्यांना ‘टक्केवारी’ म्हणायचो, कारण ते बायकोचा रागसुद्धा टक्क्यांत सांगायचे. डोकं खायचे अगदी. ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी कचेरीने कुणी दिलं नाही, आणि आता गाडीत मी नि माझा डबा. डोकं खायला कुणी नाही तर जेवण जात नाही, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

घरी तरी काय निराळं आहे! हे गेल्यापासून घरात आवाज म्हणजे फ्रिजचा. मुलगा रविवारी फोन करतो. ‘आई, गोळ्या घेतल्यास?’ ‘घेतल्या.’ ‘काळजी घे.’ आठवड्याचं बोलणं आटोपलं. गुणी आहे तो, मी त्याला नावं ठेवत नाही. पण उद्या डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या तर आमच्यात विषयच उरायचा नाही, म्हणून रक्तदाब आहे ते एक बरंच आहे.

तर ही शाळा. सहावी ते आठवी, सरकारी, पत्र्याच्या कारखान्यांच्या मागच्या रस्त्यावर. कारखान्यांसाठी कुठून कुठून माणसं येऊन राहिलेली, त्यामुळे निम्मी मुलं बाहेरून आलेली. काही ऐन सहामाहीत येतात आणि वार्षिक परीक्षेच्या आत बाप दुसऱ्या गावी गेला की निघून जातात. अशा मुलांच्या बळावर शाळेचा निकाल काय लागणार? वाचन बेताचं, गणिताची तर बोंबच. गणिताचे सर अख्खा तास फळ्याशी बोलत होते, मुलं आपापसांत बोलत होती, दोन्ही बाजू सुखी होत्या. प्रयोगशाळेचं कुलूप माझ्यासाठी उघडायला गेले तर किल्ली फिरेना. हजेरी मात्र चांगली होती. शाळेत काही का होईना, पोरं येत होती.

मुख्याध्यापिका उंच, खणखणीत आवाजाची बाई. बाकीच्या शाळांत माझ्या पुढेपुढे करतात, तसं हिने काही केलं नाही. सरळ म्हणाली, “मॅडम, गणिताचे गुण कापा. प्रयोगशाळेचेही कापा, लाज आणणारी आहे. मी ब्र काढणार नाही. पण जिन्याखालची खोली तेवढी सोडा.”

घोडं पेंड खात होतं ते तिथे. कचेरीचा नियम असा की घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं शाळेत किमान दहा असतील तरच त्यांचा गट धरायचा आणि त्यांना वेगळी भाषाशिक्षिका द्यायची. दहाच्या खाली गट गेला की निकालाच्या तक्त्यात त्यांच्या आकड्याच्या जागी एक चांदणी छापतात. नऊ असले म्हणजे नऊ धरतात असं नाही. नऊ असले तर कुणीच नाही. त्यांची शिक्षिका दुसऱ्या शाळेत जाते आणि पोरं वर्गात मागच्या बाकावर तोंड शिवून बसतात. आणि या शाळेत अशी मुलं होती बरोब्बर दहा. बरोब्बर आकडा दिसला की माझं नाक फुरफुरायला लागतं, सवयच आहे ती.

जिन्याखालच्या खोलीत पूर्वी खेळाचं सामान असायचं. अजून रबरी चेंडूंचा वास येत होता. वर जिन्यावरून वर्ग उतरला की छत धडधडायचं आणि सगळे तेवढ्यापुरते थांबायचे. मुलं गोल बसली होती. भाषाशिक्षिका तरुण, बोलून बोलून घसा बसलेली. तिची पद्धत अशी : काल घरी कुणी काय बोललं ते प्रत्येकाने सांगायचं. आधी आपल्या भाषेत, मग शाळेच्या भाषेत. पहिल्यांदा सांगताना बाकीच्यांना ओ की ठो कळत नाही, तरी ऐकायचं. एक मुलगा त्याच्या भाषेत इतका वेळ आणि इतके हातवारे करून बोलला की मला वाटलं घरी मारामारी झाली. मग अडखळत शाळेच्या भाषेत म्हणाला, “आई म्हणाली, चप्पल बाहेर काढ.” सगळे हसले. तोही हसला. मला हसायची परवानगी नाही, मी पेनाचं टोपण चावलं.

मग एक सातवीतली मुलगी उठली. दोन वेण्या, बाही उसवलेली. तिने पहिलं वाक्य गाळलंच. थेट शाळेच्या भाषेत, घडाघडा, “काल आजोबा म्हणाले, भाजीत मीठ कमी पडलंय, पण चालेल, तू दमली असशील.” एकही चूक नाही, उच्चार माझ्याहून साफ. शिक्षिकेने पटकन पुढच्या मुलाकडे मान वळवली. मी काय ते समजले. हातच्या कंकणाला आरसा कशाला? हीच ती दहावी, आकडा भरायला बसवलेली.

मुलांशी एकेकटं बोलायचा मला हक्क असतो. मी तिला व्हरांड्यात बोलावलं.

“घरी कोण कोण असतं गं?”

“मी आणि आजोबा. आई दुसऱ्या गावी कामाला आहे. सुट्टीत येते.”

“आजोबा कोणत्या भाषेत बोलतात?”

“बोलत नाहीत. मागच्या वर्षी आजारी पडले ना, तेव्हा वाचा गेली.”

“मग मीठ कमी पडलंय हे कुणी म्हटलं?”

ती जरा वरमली. “मीच. त्यांच्या वतीने.” मग मला पटलं नाही असं वाटून तिने घाईघाईने समजावलं, “इथे बाई रोज विचारतात ना, काल घरी काय बोललात. सांगायला काही नसलं तर कसंतरी होतं. म्हणून मी घरी आधी बोलून ठेवते. त्यांचंही मीच बोलते. नाहीतर आमच्याकडे कुणीच बोलत नाही.”

मी ‘बरं, जा’ म्हणाले. ती गेली आणि मी व्हरांड्यातच उभी राहिले. आमच्याकडे कुणीच बोलत नाही, हे वाक्य मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. ही पोरगी मात्र हवा-पाण्याबद्दल सांगावं तसं सांगून गेली.

पण काम ते काम. मी मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

“ही मुलगी त्या गटात कशी?”

“घरची भाषा वेगळी आहे.”

“वेगळी? अहो, तिच्या घरी भाषाच नाही!”

“मग शाळेची भाषा तरी कुठे आहे? शाळेची नाही ती ‘इतर’. तक्त्यातली ती चौकट तुमच्याच कचेरीने छापलीय.”

“मॅडम, शब्दांचे खेळ माझ्याशी नको. ही फसवणूक आहे. वरून फेरतपासणी झाली तर तुमची खुर्ची जाईल आणि माझं निवृत्तिवेतन.”

ती एवढा वेळ उभी होती, ती खाली बसली. आवाजातला खणखणाट गेला. “गेल्या वर्षी एक कुटुंब गाव सोडून गेलं आणि नऊ उरले. नऊ जण, मॅडम, एकाला दुसऱ्याची भाषा कळत नाही, पण त्या खोलीत तोंड उघडतात. वर्गात सहा महिने एका पोराने पाणी प्यायला जाऊ का हेही विचारलं नव्हतं. आणि ही मुलगी त्याच सुमारास शाळा सुटल्यावर घरी जाईना, जिन्यावर बसून राहायची. मी म्हटलं, जा, आत जाऊन बस. आकड्याचं नंतर सुचलं, खोटं कशाला सांगू?”

“खोटं तर लिहिलंच आहे तुम्ही.”

“मग लिहा नऊ.” तिने टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. “पण नियमाने लिहा. माझं धरू नका, पोरीचंही धरू नका. घरची भाषा तपासनीसाने स्वतः ऐकून भरायची असते ना? लावा फोन. आजोबा उचलतात, शाळेतून कधी निरोप जाईल म्हणून उशाशी ठेवतात. जे ऐकू येईल ते लिहा आणि चला.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला नियम शिकवते! म्हटलं, लावते, एका मिनिटात सोक्षमोक्ष. पलीकडून काही ऐकू येणार नाही, मी नऊ लिहीन, संध्याकाळच्या आत घरी. मनातून ते पटत होतं का, तर नाही. पण मनाला विचारून तपासण्या होत नाहीत.

पलीकडे घंटा वाजली. कुणीतरी फोन उचलला.

“हॅलो?”

काही नाही. श्वास तेवढा, जड, जवळचा.

“मी शाळा तपासायला आलेय. घाबरू नका हं, नात ठीक आहे तुमची, वर्गात आहे.”

श्वास सुटला. मी ठरल्याप्रमाणे विचारलं, “आजोबा, तुमच्या घरी कोणती भाषा बोलतात?” म्हातारे माझ्याहून फार तर पंधरा वर्षांनी मोठे असतील, पण तोंडातून आजोबाच आलं.

काही नाही. मी पेन उचललं. तेवढ्यात टक.

फोनवर नख किंवा बोट आपटल्यासारखं. मला वाटलं, लाइन खराब.

“आजोबा, हे तुम्ही केलंत?”

टक.

मुख्याध्यापिकेने मान वर केली. मी तिच्याकडे पाठ केली.

“एकदा म्हणजे हो का?”

टक.

“आणि नाही म्हणजे?”

टक टक.

“नात घरी बोलते तुमच्याशी?”

टक टक टक टक टक, थांबायचं नावच नाही. मला हसू फुटलं. इतक्या जोरात हसले की मलाच दचकल्यासारखं झालं. “फार बोलते वाटतं?”

टक.

“भाजीत मीठ कमी होतं का हो काल?”

टक टक.

“नव्हतं? ती तर सांगत होती तुम्ही म्हणालात म्हणून!”

पलीकडून घशातून एक खरखर आली. हसणंच असणार ते. ही पोरगी म्हणते आमच्याकडे कुणीच बोलत नाही. अगं बये, याला काय म्हणतात मग? विचारलं तर उत्तर येतंय, खोडी काढली तर हसू येतंय, चुकीचं असेल तर नाही म्हणतायत. आमच्या कचेरीच्या बैठकीत चार तासांत इतकं होत नाही. माझ्या घरी तर भिंतीवर डोकं आपटलं तरी एक टक यायचं नाही.

मी कागद ओढला. घरची भाषा : इतर. खाली शेरा लिहिला, ‘ठोके देऊन बोलतात. तपासनीसाने स्वतः ऐकलं.’ गटातली मुलं : दहा. सही ठसठशीत केली. फेरतपासणीला ज्याला यायचं त्याने यावं आणि हा फोन लावून बघावा. गणिताचे गुण मात्र मी एकूण एक कापले, प्रयोगशाळेचेही.

कागद मुख्याध्यापिकेपुढे सरकवला. तिने वाचलं. उठली, माझ्या खांद्याला हात लावला न लावला असं केलं आणि बाहेर गेली, दार हळूच लावून.

काम झालं होतं. मी फोनमध्ये म्हणाले, “झालं हं आजोबा. सगळं नीट झालं. नात शाळा सुटली की येईल. आता ठेवू का फोन?”

टक टक.

मला वाटलं त्यांचा गोंधळ झाला. “ठेवू ना?”

टक टक. जरा घाईने, मी खरंच ठेवीन अशी भीती वाटल्यासारखं.

मग मी कशी ठेवणार? खुर्ची पुढे ओढून बसले. म्हटलं, “बरं. काय बोलायचं? मला सवय राहिलेली नाही हो.” पलीकडे श्वास वाट बघत होता. “आमचे हे गेले, तेव्हापासून,” मी सुरुवात केली, आणि आवाज असा काही फुटला की मला थांबावं लागलं.

टक, ते म्हणाले.