निरोगी म्हणून दिलेलं रक्त

आतड्याला सूज आणणाऱ्या आजारात शरीराच्या रक्षक पेशीच आतड्यावर का उलटतात, याचा शोध वहिनी प्रयोगशाळेत घेत होती. ताडून पाहायला निरोगी माणसाचं रक्त लागायचं. कुणी तयार होईना, तेव्हा तिची नणंद बारकी आपण होऊन म्हणाली, "माझं घे."

निकाल पाहून वहिनीच्या कपाळाला आठ्या पडल्या. बारकीच्या रक्तात आतड्याकडे धावणाऱ्या, चवताळलेल्या पेशींची गर्दी होती. थेट रुग्णांसारखी.

"नळ्यांची अदलाबदल झालीय," ती टेक्निशियनला म्हणाली. "तुम्ही फोनवर होतात ना?"

"चिठ्ठ्या तुम्हीच चिकटवल्यात, मॅडम. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!" तो तणतणत निघून गेला.

दुसऱ्या खेपेला वहिनीनं नळी क्षणभरही नजरेआड होऊ दिली नाही. निकाल तोच.

मग संशय घरात शिरला. बारकी ताटात नुसती चिवडाचिवड करायची. बाहेर जायचं ठरलं की नेमकं तिचं डोकं दुखायचं. नळ सोडून बाथरूममध्ये बसून राहायची. कपडे अंगावर लोंबायला लागले होते, आणि सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "नावाला जागते पोरगी!"

एके दुपारी वहिनीनं बारकीची पर्स उघडली. आत कपड्यांचा जादा जोड होता आणि जुलाब थांबवायच्या गोळ्या.

"सापडलं का?" दारातून बारकीनं विचारलं.

वहिनी चोरासारखी उभी राहिली. तरी तिनं विचारलंच, "शौचातून रक्त पडतं?"

"वहिनी म्हणून विचारतेस, की तुझ्या प्रयोगासाठी?"

"दोन्ही," वहिनी चाचरत म्हणाली.

"निदान खरं बोललीस." बारकी पलंगावर टेकली. "पडतं. बरेच महिने झाले. वाटलं, तुझ्या मशीनला काही दिसलं नाही तर जीव भांड्यात पडेल. पण तू पुन्हा सुई घेऊन आलीस आणि तोंडातून अवाक्षर नाही. तेव्हाच कळलं, कुठंतरी पाणी मुरतंय."

"नुसत्या रक्तावरून ठरत नाही. दुर्बिणीनं आतडं तपासावं लागेल."

"आईला बोललीस तर याद राख."

"शपथ."

"राहू दे. पर्स उघडणारीची कसली शपथ?"

वहिनीनं बारकीच्या दोन्ही नळ्या अभ्यासातून बाद केल्या. टेक्निशियनची माफी मागितली. तो "ठीक आहे" म्हणाला, पण त्या दिवसापासून चहाला बोलवेनासा झाला. डॉक्टरांकडे वहिनी सोबत गेली, तर बारकीनं तिला बाहेरच बसवलं. तपासणीत आतड्यात जखमा निघाल्या. औषधं सुरू झाली, हळूहळू अन्न अंगी लागू लागलं.

मग एकदा जेवताना बारकीनं आपणच आईला सगळं सांगितलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी वळून सुनेकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं ना गं?"

वहिनी तोंड उघडणार, तोच बारकी म्हणाली, "तिला कुठून ठाऊक असणार? तीही आत्ताच ऐकतेय."

सासूबाईंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि हातातला घास परत ताटात ठेवला.