स्वरपट्ट्यांवरची पेरं

पोहायला शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे कोचबाई म्हणत. त्यांचा आवाज तलावाच्या तळाशीही ऐकू येतो, अशी पोरांची खात्री होती. तो आवाज उन्हाळ्यात बसला, तो बसलाच.

"ओरडणं बंद कर, येईल आपोआप," नवरा म्हणाला. "तेवढंच घरात माझंही कोणी ऐकेल!"

गुळण्या झाल्या, वाफारे झाले, मौनही पाळून झालं. घोगरेपणा हटेना. शेवटी दोघं घशाच्या डॉक्टरबाईंकडे गेले.

डॉक्टरबाईंनी नाकातून बारीक कॅमेऱ्याची नळी आत सोडली. "ईऽऽ म्हणा."

पडद्यावर स्वरपट्ट्या थरथरल्या. डॉक्टरबाईंनी चित्र थांबवलं. दोन्ही पट्ट्यांवर पांढरट, आडव्या रेघा होत्या. बांबूला पेरं असावीत तशा.

"ओरडूनच झालंय ना?" नवऱ्याने विचारलं.

त्याच्याकडे न बघता त्यांनी कोचबाईंना विचारलं, "सकाळी बोटं आखडतात?"

"दिवसभर पाण्यात असते. आखडणारच."

"उन्हात चट्टे उठतात?"

"तलाव उघड्यावर आहे हो."

"लघवीला फेस येतो?"

ही गोष्ट कोचबाईंनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. घशात डोकावून हिला ती कळली कशी?

"दुखणं घशाचं नाही," डॉक्टरबाई हळू म्हणाल्या. "ते घशात दिसलं, इतकंच. अशा रेघा मी आजवर पुस्तकातच पाहिल्या होत्या. शरीर स्वतःवरच उलटलं की क्वचित उठतात. रक्त-लघवी आजच तपासा. उद्यावर ढकलू नका."

निदान झालं ल्युपसचं, म्हणजे प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटण्याच्या आजाराचं. मूत्रपिंडांना सूज आली होती. गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत आवाज मोकळा झाला. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "सुटलो बाबा!" तो ज्याला त्याला सांगत सुटला.

कोचबाई तलावावर परतल्या. त्यांच्या पहिल्याच हाकेला पोरं धडाधड पाण्यात उतरली. काठावर बसून त्यांनी मोजे काढले. घोटे टरटरून फुगले होते. त्यांनी अंगठा दाबून उचलला, पण पडलेला खळगा भरून येईना.

"काय झालं?" सोडायला आलेल्या नवऱ्याने कुंपणापलीकडून विचारलं.

"पोरांना बाहेर काढते," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "तू गाडी काढ. पायांत पाणी साचलंय, मूत्रपिंडं अजून बरी नाहीत. दवाखान्यात जायचंय."