तीन पायांची राखणदारीण

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, आणि गेल्या गुरुवारी अकरा वर्षांनी वजदी परत आला. मित्रांनो, हे वाक्य लगेच विसरा. आमच्या गल्लीत तो आलाच नाही असं ठरलेलं आहे.

माझा जन्म इजिप्तमधल्या दमिएत्ता गावच्या सुतारांकडचा. आम्ही सहा बहिणी वजदीच्या आईच्या लग्नाच्या सामानातून कैरोला, शुब्रा वस्तीत आलो. पाचजणी दिवाणखान्यात प्लॅस्टिकच्या आवरणाखाली पाहुण्यांची वाट बघत म्हाताऱ्या झाल्या. माझा एक पाय मोडला आणि माझं नशीब उघडलं. मला रस्त्यावर नोकरी लागली.

वजदी कुवेतला गेला त्याच दिवशी त्याच्या आईने, उम्म वजदीने, मला त्याच्या गाडीच्या जागेवर विटेच्या आधाराने उभं केलं. "सुट्टीवर येईल तेव्हा गाडी कुठे लावेल पोरगं?" गाडी त्याने जाण्याआधीच विकली होती. पण आयांना अशा किरकोळ गोष्टी आडव्या येत नाहीत.

रस्त्यावर मी माणसं पाहिली. म्हातारा रस्ता ओलांडत असला तर कोणी वेग कमी करत नाही. मोडक्या खुर्चीला मात्र ट्रकही वळसा घालतो. दरवान सिदकी रोज मला पुसतो आणि म्हणतो, "या इमारतीत काम करणारी तू एकटीच." तो इथे चार वर्षांपूर्वी आला. वजदीला त्याने कधी पाहिलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी भाड्याची पांढरी गाडी थांबली. चालवणाऱ्याला टक्कल पडलं होतं, पण मी वजदीला ओळखलं.

"काका, खुर्ची उचला जरा."

"नाही जमायचं, पाशा. उम्म वजदींच्या मुलाची जागा आहे."

"अहो, तो मीच!"

"काल दोन वजदी येऊन गेले. परवा तर एक बाई होती."

"खरंच सांगतोय."

"मग मारा की वर हाक! आई घरातच आहे."

वजदीने चौथ्या मजल्याकडे पाहिलं. खिडकीतून मुलुखियाच्या पालेभाजीच्या फोडणीचा वास येत होता. त्याने गाडी पुन्हा सुरू केली.

"राहू दे. जागाच नाही म्हटल्यावर माणूस काय करणार? सहाचं विमान आहे."

मित्रांनो, जाताना तो शीळ घालत होता.

संध्याकाळी सिदकीने छाती फुगवून सांगितलं, "उम्म वजदी, आज आणखी एक वजदी हाकलला!"

ती हसली. "बरं केलंस. माझा असता तर खालूनच हाक मारली असती." आणि तिने माझ्यावर नवी गादी बांधली.

सबब, माननीय वाहतूक खात्यास नम्र विनंती, की सदर खुर्ची तात्काळ जप्त करावी. मुलगा केवळ तिच्या अडथळ्यामुळे घरी पोहोचू शकला नाही, असा शिक्क्यानिशी दाखला उम्म वजदी यांस द्यावा. आणि त्या दाखल्यात शिळेचा उल्लेख कोठेही नसावा.

अर्जदार: खुर्ची, पाय तीन.