स्वभावाचा रकाना

अण्णांनी माझ्या बायोडेटात स्वभावाच्या रकान्यात ‘ॲडजस्टिंग’ हा शब्द घातला आणि त्याच दुपारी मी चार बोटं आखूड झाले. आईने मला दाराच्या चौकटीशी उभं करून मोजलं. पाच फूट चार इंचांची मी पाच फूट एक भरले.

“बरंच झालं की,” आई म्हणाली. “मुलगा पाच-दोन आहे.”

धन्य आहे! मी तशीच अण्णांपुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी तेहतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. लाल पेन अजून खिशाला असतं.

“अण्णा, तो शब्द खोडा.”

“का? स्पेलिंग बरोबर आहे.”

“मग अर्थ सांगा.”

“जिथे ठेवाल तिथे मावणारी.”

“आणि वाक्यात उपयोग?”

“आमची उल्का फार ॲडजस्टिंग आहे,” अण्णा म्हणाले, आणि माझ्या बाह्या बोटांवरून खाली लोंबल्या. त्यांनी ते बघितलं. पेन उघडलं, पुन्हा मिटलं. “चाळीस प्रती छापून झाल्यात गं,” म्हणाले.

त्या प्रती गावभर गेल्या. कुठल्याही घरात कुणी तो शब्द मोठ्याने वाचला की मला इथे कळायचं. भाकरी थापता थापता ओटा एकदम हनुवटीला लागायचा. शुक्रवारी आईने मला भाचीचा फ्रॉक काढून दिला. संतापून पोळपाट आदळायला गेले, तर तो मला उचलेचना. तेव्हा मात्र मी रडले.

रविवारी खटावकर मंडळी आली. आईने मला टेबलावर, बशांच्या शेजारी ठेवलं. मुलगा चहा ढवळत म्हणाला, “आमच्याकडे खोली एकच आहे. चालेल ना?”

“नाही चालणार!” मी बेंबीच्या देठापासून ओरडले. बशीतला चहासुद्धा हलला नाही.

“काय म्हणाली?” खटावकर काकूंनी विचारलं.

“चालेल म्हणाली,” आई म्हणाली.

काकूंनी पर्समधून बायोडेटा काढला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. नाव वाचलं. जन्मतारीख वाचली. स्वभाव थोडाच खाली होता. तो शब्द आणखी एकदा उच्चारला गेला तर मी उरणार नव्हते. मी अण्णांकडे बघितलं. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

अण्णा उठले. “एक मिनिट हं, त्यात एक चूक राहिलीय,” म्हणाले. काकूंच्या हातातून कागद घेतला, लाल पेन उघडलं. माझा जीव भांड्यात पडला.

त्यांनी सावकाश, सरळ रेघ मारली. उंचीवर.

“फूटपट्टी आण गं,” ते आईला म्हणाले. “खोटी माहिती द्यायला नको.”

आईने फूटपट्टी माझ्या पाठीला लावून उभी धरली. जरा जास्त भरावं म्हणून मी टाचा उचलल्या.

“टाचा टेक,” अण्णा म्हणाले.