भरलेली कॅसेट

“मायची कॅशेट न्यायला आलेय,” छबुबाईनं दारातच सांगितलं आणि चपला काढता काढता पुढचंही सांगून टाकलं. नात वैष्णवीचं लग्न ठरलं होतं. हळदीला जातं मांडायचं होतं आणि धड ओवी म्हणणारी बाई सिरसाळ्यात आता तिच्या ओळखीची उरली नव्हती. तेव्हा मायच्याच ओव्या लावायच्या आणि पोरींनी तिच्या मागून म्हणायच्या, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

आश्रुबाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर जागच्या जागी थांबला. थोरल्या बहिणीला पाणी द्यायचंही त्याला सुचलं नाही.

घाटनांदूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून आश्रुबा निवृत्त झाला, पण तारांचा नाद काही सुटला नाही. एक्क्याण्णव साली परळीहून बदलून जाणाऱ्या एका इंजिनिअरनं त्याला आपला जुना घरगुती कॉम्प्युटर दिला होता. कॉम्प्युटर कसला, नुसता कीबोर्ड. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर किरकिरत्या आवाजाच्या रूपात साठवायचे. गावानं त्याला खुळ्यात काढलं, पण त्या डबड्याला त्यानं आजवर मरू दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी आगपेटीएवढी एक पट्टी मागवून त्यानं ते घरच्या वायफायलाही जोडलं. इंटरनेटवर अशाच जुन्या यंत्रांच्या चाळीस-पन्नास वेड्यांचा एकमेकांना निरोप लिहायचा एक फलक होता, तिथं तो रोज सकाळी हजेरी लावू लागला. पाऊस किती पडला, थ्री-फेज लाईट किती वाजता आली, एवढंच तो मोडक्या इंग्रजीत लिहायचा. पोलंडमधला एक म्हातारा रोज त्या लाईटची चौकशी करायचा.

गेल्या महिन्यात त्या फलकावर आश्रुबाचं फार कौतुक झालं. गावातले फोन नंबर शोधून देणारा, त्यानं त्र्याण्णव साली लिहिलेला प्रोग्राम मूळ कॅसेटवरून जसाच्या तसा चालला. एक अक्षर चुकलं नाही. इतकी वर्षं कॅसेट जपली कशी, असं सगळ्यांनी विचारलं. आश्रुबानं कुणालाच उत्तर दिलं नाही, कारण ती कॅसेट मायची होती.

मायनं, म्हणजे भिवराबाईनं, ओव्या म्हटल्या तेव्हा त्यानंच कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा टवका मोडला होता. तो मोडला की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. पुढं तिची डबी फुटली आणि मायनं कॅसेट कीर्तनाच्या रिकाम्या डबीत घातली. त्या दिवसांत कोरी कॅसेट सहजी मिळायची नाही. विकतच्या कॅसेटच्या मोडक्या टवक्यावर चिकटपट्टी लावून ती पुन्हा भरायची सवय आश्रुबाच्या अंगवळणी पडली होती. त्यानं डबीवरचं कीर्तनाचं नाव वाचलं, चिकटपट्टी लावली आणि बटण दाबलं. ऐकून बघायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण लिहिलेला प्रोग्राम कधी एकदा साठवतो असं त्याला झालं होतं.

चूक आठवड्यानं ध्यानात आली. माय तेव्हा धडधाकट होती, अंगणात शेंगा फोडत बसली होती. पुन्हा म्हण, एवढंच तिला सांगायचं होतं. पण त्याआधी पहिलं पुसल्याचं कबूल करावं लागलं असतं आणि तिथंच त्याची जीभ रेटेना. दिवाळीला सांगू, संक्रांतीला सांगू, असं करता करता अडीच वर्षं गेली आणि मग मायच गेली. पुसलेला आवाज परत काढता येतो का, हे त्यानं मागं एकदा फलकावर विचारलं होतं. पोलंडच्या म्हाताऱ्यानं हळहळून लिहिलं, नाही येत.

“आक्का, मायचा आवाज न्हाई ऱ्हायला,” तो म्हणाला. “माज्या हातानं पुसला मी. ह्या डबड्यापायी.”

मग चिकटपट्टीपासून सगळं त्यानं सांगितलं. छबुबाई चिडली नाही.

“पुसल्यालं मला ठाव हाय,” ती म्हणाली.

आश्रुबा ड्यूटीवर असताना मायनं एकदा शेजारच्या बबिताकडून ती कॅसेट लावून घेतली होती. ओव्यांच्या जागी नुसती किरकिर आली. लेकाच्या डबड्याचा तो आवाज मायला पाठ होता. शेवटपर्यंत ऐकून तिनं कॅसेट होती तिथं ठेवून दिली आणि ही गोष्ट फक्त छबुबाईला सांगितली.

“मंग मला कावून न्हाई बोलली?”

“तू वरमशील म्हनून. आश्रुबा म्हनंल तवा परत म्हनीन, म्हनली. लई वाट बघितली तिनं तुजी. मला वाटलं तू परत भरून घेतलं आसशील. ती दुसरी कॅशेट न्यायला आलते मी.”

आश्रुबाला स्वतःची इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. पुसलं ते चुकून, पण अडीच वर्षं मायला ताटकळत ठेवलं ते काही चुकून नव्हे.

जी हाय ती लाव, असं छबुबाई म्हणाली. त्यानं कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली. कर्कश किरकिर खोलीभर पसरली. क्षणभरानं ती बंद करायला त्यानं हात पुढं केला, तर बहिणीनं तो धरला.

“ऱ्हाऊ दे. मायनं सगळी ऐकली हुती.”

तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि मांडी घालून बसली. आश्रुबाही तिच्याशेजारी खाली बसला, आणि प्रोग्राम संपेपर्यंत दोघं ऐकत राहिले.