मारुतराव दुसऱ्यांचा डेपो बघायला गेले

शिरूर आणि दौंडच्या मध्ये पिंपळदऱ्याचा एसटी डेपो होता. मारुतराव तिथले हेड मेकॅनिक. हात सोन्याचा, पण तोंड फटकळ. दोन हजार एक साली मुख्य कार्यालयानं आपल्या आणि शेजारच्या राज्यातल्या डेपोंची तुलना केली, तेव्हा रस्त्यात बंद पडणाऱ्या गाड्यांत पिंपळदरा सगळ्यांच्या पुढं निघाला.

"म्हंजी आम्ही इतकी वर्षं झोपा काढल्या का?" मारुतरावांनी डेपो मॅनेजर गौतमी ओहोळ यांना उभ्या उभ्याच विचारलं.

गौतमी केडगावच्या, वयानं त्यांच्या मुलीएवढ्या. "तसं कोण म्हणतंय, आप्पा? गाड्या जुन्या, पार्ट वेळेवर येत नाहीत, मला दिसतंय की. पण शेजारच्या राज्यातल्या ज्या डेपोच्या गाड्या सगळ्यात कमी बंद पडतात, त्याही जुन्याच आहेत. एकदा बघून तर या."

मारुतराव गेले ते खोट काढायच्या तयारीनंच. तिकडची शेड यांच्यापेक्षा लहान, हत्यारं तीच. फरक एवढाच, की गाडी आत आली की मेकॅनिक स्वतः ड्रायव्हरपाशी जायचा, काय खटकलं ते विचारायचा आणि दोघं मिळून गाडीभोवती एक चक्कर मारायचे. तिथल्या बसवण्णा मेकॅनिकनं त्यांना घरी जेवायला नेलं. मोडक्या हिंदीत म्हणाला, "पहले हम भी पीछे थे. दूसरों का देखा, सीखा. इसमें शरम कैसी?"

परत आल्यावर मारुतरावांनी तीच पद्धत सुरू केली. गौतमींनी तो वेळ ड्युटीत धरला. तरी ड्रायव्हर आपले "समदं ठीक हाय" म्हणायचे आणि घरची वाट धरायचे.

एका संध्याकाळी केंदूरची गाडी घेऊन जालिंदर आला.

"काय तक्रार?"

"काय न्हाई, मामा."

"मग ह्यो टायर एका अंगानं का झिजलाय?"

जालिंदर घुटमळला. "ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढती. दिवाळीपासनं."

"आन् सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं हुतं की. तुम्ही चारचौघांत म्हणालात, गाडी हाकता येत न्हाई तर नांगर धर. तवापासनं मी बोलत न्हाई. कुणीच बोलत न्हाई."

बसवण्णाच्या शेडमधले ड्रायव्हर कसे मोकळेपणी हसत-बोलत होते, ते मारुतरावांना आठवलं. ते गाडीत चढले. "चल. मला दाबून दाखव."

दोघं चौफुल्यापर्यंत जाऊन आले. मग चाक उतरवलं. मारुतरावांनी अडकलेला ब्रेक मोकळा केला, जालिंदरनं बत्ती धरली. "त्या दिवशी मी बोललो ते चुकलंच," मारुतराव चाकाकडं बघतच म्हणाले. जालिंदरनं बत्ती आणखी जवळ धरली.

दुसऱ्या दिवशी दोन ड्रायव्हर आपणहून शेडमध्ये आले. मग हळूहळू सगळेच. पार्ट अजूनही उशिराच यायचे, गाड्या अधूनमधून बंदही पडायच्या, पण कमी. दौंडच्या कॉलेजला जाणाऱ्या पोरी आता वर्गात वेळेवर बसायला लागल्या.

वर्षभरानं दुसऱ्या एका डेपोचे मेकॅनिक पिंपळदऱ्याची पद्धत बघायला आले. गौतमी म्हणाल्या, "आप्पा, त्यांना तुम्हीच समजावून सांगा."

"मी एकटा काय सांगू? जालिंदरला बोलवा."

जालिंदर स्टेअरिंगवर बसला होता. "मला कुठं सवड? केंदूरची वेळ झाली."

"मग पाहुण्यांना केंदूरला घेऊन जाऊ," म्हणत मारुतरावांनी गाडीचं दार उघडलं.